काकूंचं कोपर

हॉस्पिटलात त्यांचं खरं आडनाव फक्त हजेरीच्या मशीनला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांसाठी ते प्लास्टर घालणारे गिलावेकाका. भिंतीला करतात तो गिलावा आणि हे माणसांना करतात तो काय वेगळा, असं पूर्वी कधीतरी एक खोडकर नर्स बोलून गेली, आणि तिथून ते नाव असं काही चिकटलं की नव्याने आलेले डॉक्टर त्यांना अदबीने 'मिस्टर गिलावे' म्हणू लागले. एका पेशंटने मुलीच्या लग्नाची पत्रिका पाठवली, त्यावर सरळ 'श्री. व सौ. गिलावे' असं छापील अक्षरासारखं सुबक लिहिलेलं. काकांनी ती पत्रिका घरी नेऊन काकूंना दाखवली. काकूंनी ती चष्मा वर-खाली करून वाचली आणि म्हणाल्या, तीस वर्षं संसार केला तो कुणाबरोबर, हे आज कळलं म्हणायचं.

प्लास्टरची खोली तळमजल्याच्या टोकाला, एक्स-रेच्या खोलीला लागून. एक लांब टेबल, एक खुर्ची, कोमट पाण्याची बादली आणि कितीही घासलं तरी पांढरंच राहणारं एक बेसिन. खोलीतून निघणाऱ्या पांढऱ्या पावलांवरून काका चहाला गेले, की डॉक्टरांकडे, की नुसतेच दारात उभे राहून आले, हे सफाईवाल्या मावशी बिनचूक सांगत आणि वर त्यांना झापतही.

काकांची एक पद्धत होती. हात मोडलेला माणूस आला की ते मोडलेल्या हाताकडे आधी बघायचेच नाहीत. 'चांगला हात द्या,' म्हणायचे. माणूस कळवळत असायचा, त्याला वाटायचं यांना नीट ऐकू आलं नाही. पण काकांचं म्हणणं असं, की दोन माणसांचे हात सारखे नसतात, या माणसाचा हात मुळात कसा होता हे त्याच्या दुसऱ्या हाताशिवाय कोण सांगणार? मग ते त्या चांगल्या हाताच्या कोपरावरून अंगठा फिरवत. कोपराला तीन उंचवटे असतात, दोन बाजूंना दोन आणि मागे टोकदार एक. हात सरळ केला की तिघे एका ओळीत येतात, वाकवला की त्यांचा त्रिकोण होतो. काकांच्या अंगठ्याला ही ओळ आणि हा त्रिकोण एकदा सापडला की मगच ते दुसरीकडे वळत. आतल्या बाजूच्या उंचवट्यामागून जी नस जाते, तिला चुकून धक्का लागला की करंगळीपर्यंत मुंग्या जातात. लहान मुलं रडत असली तर काका स्वतःच्या कोपरावर टिचकी मारून 'आई गं' करत उडी मारून दाखवत. मुलं रडायची थांबत, निदान थोडा वेळ तरी.

कोपराच्या खाली मनगटापर्यंत दोन हाडं. त्यांची पुस्तकातली नावं काकांना येत होती, पण पेशंटला ती सांगण्यात काय अर्थ? काकांनी आपली नावं ठेवली होती: करंगळीकडची ती घरबशी आणि अंगठ्याकडची ती भटकी. घरबशी जागची हलत नाही. तळहात पालथा करायचा झाला की भटकी तिच्यावरून आडवी होते, उताणा करायचा झाला की परत आपल्या जागी येते. किल्ली फिरवा, पेला उपडा करा, स्क्रू आवळा, सगळी त्या भटकीची करामत. आणि बोटं? बोटांत स्वतःचं म्हणून फारसं बळ नसतंच. ती ओढणारे स्नायू वर कोपराजवळ बसलेले असतात, तिथून लांब दोऱ्या मनगटातून बोटांपर्यंत आलेल्या. हे सांगताना काका पेशंटला त्याच्या चांगल्या हाताचं कोपर धरायला लावत आणि बोटं हलवायला सांगत. कातडीखाली काहीतरी वळवळलेलं लागलं की माणसं चकित होत. आपलाच हात इतकी वर्षं बरोबर घेऊन हिंडायचं आणि त्याची ओळखही नसावी, याचं काकांना फार वाईट वाटे.

त्यांना खरा राग येई तो तारीख चुकवून प्लास्टर काढायला येणाऱ्यांचा. एरवी गरीब माणूस, पण त्या वेळी ते अगदी हातघाईवर येत. प्लास्टर हा पाहुणा आहे, दिलेल्या दिवशी त्याला निरोप द्यायचा, राहू दिला तर तो घरच्यांनाच हलू देत नाही, असं ते सुनवायचे. खास करून कोपराच्या बाबतीत. कोपर म्हणजे महाहट्टी सांधा, त्याला जास्त दिवस डांबून ठेवलं की तो रुसतो तो रुसतोच.

हे सगळं इतकं सविस्तर सांगितलं कारण पुढे काकांनी जे केलं ते अज्ञानातून केलं, असं कुणाला वाटू नये.

काकू चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या. गिऱ्हाइकाच्या नाकाकडे एक नजर टाकून त्याला कोणती फ्रेम बसणार नाही हे त्या आधी सांगत, आणि कोणती बसेल ते त्याने विचारलं तरच. नाकावर माशी बसू न देणाऱ्या बाई. घरात माळ्यावरचा डबा काढायचा असला तरी काकांना हाक नाही, स्वतः स्टुलावर चढणार. बोलणं मोजकं. मुलगी दूरच्या शहरात असते, तिचा फोन आला की तिच्याशी काय बोलल्या ते काकांना मुलीकडूनच कळायचं.

त्यांचे केस मात्र दाट आणि कमरेपर्यंत, आता निम्मे पांढरे. रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून, आरशाशिवाय, दोन्ही हात मागे नेऊन त्या वेणी घालत आणि त्याच वेळी काकांना दिवसभराच्या सूचना देत. काका पेपर वाचत असल्याचं सोंग करत. खरं तर ते बघत असत. दोन्ही कोपरं पार दुमडलेली, तळहात मागे वळलेले, बोटं न बघता तीन पेड इकडून तिकडे नेतायत. कोपराने माणसासाठी जे जे करायचं ते सगळं त्या एका वेणीत होतं, असं काकांचं मत होतं. ते त्यांनी काकूंना कधी सांगितलं नव्हतं. तीस वर्षांत सांगायला सवडच झाली नाही, असं म्हणू या.

मग एक दिवस दुकानातल्या स्टुलावरून काकू पडल्या. वरच्या फळीवरचा फ्रेमचा खोका काढताना तोल गेला आणि उजवा हात खाली टेकला. एक्स-रेत दिसलं ते असं, की कोपराशी त्या भटकीच्या डोक्याला एक बारीक तडा गेला होता. हाड जागेवर होतं, सरकलं नव्हतं. डॉक्टर काकांना म्हणाले, दोन आठवडे प्लास्टर, मग काढून हात हलवायला लागायचं, तुम्ही घरातच आहात, तुम्हाला मी काय शिकवणार?

काकांनी पद्धतीप्रमाणे आधी चांगला हात मागितला. काकू म्हणाल्या, अहो, मोडलाय तो हा. पण काकांनी डाव्या कोपरावरून अंगठा फिरवला आणि त्यांच्या लक्षात आलं, की हजारो लोकांची कोपरं चाचपली, हे कधी चाचपलं नव्हतं. ते प्लास्टर त्यांनी असं घातलं की दोन नर्स मुद्दाम बघून गेल्या. दंडापासून तळहातापर्यंत, काटकोनात, कुठे एक सुरकुती नाही. घरी जाताना काकू म्हणाल्या, एवढं गुळगुळीत केलंय, रंगही देऊन टाका.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेणीचा प्रश्न उभा राहिला. काकूंनी डाव्या हाताने बराच आटापिटा केला आणि शेवटी कंगवा टेबलावर आपटला. काका पेपर ठेवून उठले. पहिली वेणी त्यांनी बँडेज गुंडाळावं तशी घातली. इतकी घट्ट की काकूंच्या भुवया वर गेल्या आणि दिवसभर त्या कुणावर तरी चकित झाल्यासारख्या दिसत होत्या. पण काकांचा हात बसायला वेळ लागला नाही. चार-पाच दिवसांत वेणी सरळ पाठीवर उतरू लागली.

आणि मग एक गोष्ट घडली, जी दोघांच्याही ध्यानीमनी नव्हती. काकू काकांकडे पाठ करून बुटक्या स्टुलावर बसत, आणि पाठ केली की त्या बोलत. कदाचित समोर तोंड नसल्यामुळे असेल. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी काकांच्या घोरण्याने झोप लागायची नाही आणि सांगायची लाज वाटायची, हे त्यांनी सांगितलं. पोहायला शिकायचं राहून गेलं, हे सांगितलं. मुलगी दूरच्या शहरात राहायला गेली त्या दिवशी दुकानात बसून एका गिऱ्हाइकाला त्याच्या जुन्याच काचा परत बसवून दिल्या आणि त्याने 'आता छान दिसतंय' असं म्हटलं, हे सांगताना त्या हसल्या, मग चष्मा काढून डाव्या हाताने पुसू लागल्या. काका हळूहळू विंचरत राहत. वेणी झाली तरी शेवटचा पेड सोडून परत घालत. तीस वर्षांत जेवढं ऐकलं नव्हतं तेवढं त्या स्टुलावर ऐकायला मिळालं, आणि काकांना त्याची चटक लागली. दुसरा शब्द नाही.

दोन आठवडे झाले. काकांनी नवा एक्स-रे उजेडाकडे धरला, तिरका केला, आणि 'अजून जरा पुसट दिसतंय' म्हणाले. तडा भरत आला होता, हे त्यांना दिसत होतं. आणखी एक आठवडा गेला. मग आणखी एक. डॉक्टर मध्ये रजेवर गेले, त्यांनी विचारलं नाही. काकूंनी मात्र दोनदा विचारलं. दोन्ही वेळा काकांनी प्लास्टरच्या खोलीतला चेहरा करून सांगितलं, की घाई बरी नव्हे. काकूंनी विश्वास ठेवला. या बाबतीत त्यांचा काकांवर जेवढा विश्वास होता तेवढा दुसऱ्या कशाच्याही बाबतीत नव्हता.

पाचव्या आठवड्यात काकांना स्वतःचीच भीती वाटली आणि त्यांनी काकूंना खोलीत नेऊन करवतीने प्लास्टर कापलं. आतून बारीक झालेला, कोरड्या कातडीचा हात निघाला. 'वाकव,' काका म्हणाले. हात काटकोनाच्या थोडा पुढे आला आणि थांबला. सरळ करायला सांगितला, तर थोडा उघडला आणि थांबला. तळहात उताणा होईना. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी बादली ओतून दिली आणि काकूंना व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला फिजिओथेरपीवाल्या व्यायामबाईकडे नेलं.

व्यायामबाई त्यांच्या मुलीच्या वयाची, सडेतोड. तिने कोनमापक लावून कोपर मोजलं आणि प्लास्टर किती दिवस होतं ते विचारलं. काकूंनी सांगितलं. बाईने काकांकडे पाहिलं. पाच आठवडे कुणी ठेवायला सांगितलं, असं तिने विचारलं, आणि काका जमिनीकडे बघू लागले. काकूंना तेवढं पुरलं.

बाहेर बाकावर बसल्यावर काकूंनी विचारलं, 'डॉक्टरांनी किती सांगितलं होतं?'

'दोन.'

'मग?'

एक्स-रे पुसट होता, असं म्हणता आलं असतं. काका म्हणाले, 'वेणी घालताना तू बोलायचीस. म्हणून.'

काकू डाव्या हाताने आपलं उजवं कोपर धरून बसल्या. मग शांतपणे म्हणाल्या, 'म्हणजे माझं बोलणं ऐकायला माझा हात बांधून ठेवलात.'

घरी पोचल्यावर काकूंनी एवढंच सांगितलं, की यापुढे माझ्या केसांना हात लावायचा नाही. त्यानंतर तोंडाला कुलूप. मुलीचा फोन आला तेव्हाही त्या 'बरं आहे' एवढंच म्हणाल्या, आणि काकांची बाजू घ्यायला किंवा त्यांच्यावर ओरडायला, कशालाच मुलीला जागा ठेवली नाही.

व्यायामबाईने काकांना वेगळं बोलावून एक ताकीद दिली होती. कोपर ओढायचं नाही, दाबायचं नाही, चोळायचं नाही. जबरदस्ती केली की सांध्याभोवती नको तिथे हाड धरतं आणि मग सगळं संपलं. जे वाकवायचं ते त्यांनी स्वतः, आपल्या बळाने. 'काका, तुम्ही हात लावायचा नाही,' ती म्हणाली. काकांना हे ठाऊक होतं, पण त्यांनी शिकाऊ पोरासारखी मान डोलावली. आयुष्यभर दुसऱ्याचे हात हातात घेण्याचं काम केलेल्या माणसाला दोन बायकांनी एकाच दिवशी हात आवरायला सांगितलं होतं.

काकू हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. दुकानात परत गेल्या, तर बारीक स्क्रू फिरवता येईना, कारण तळहात वळतच नव्हता. त्यांनी मालकांकडून मोडक्या फ्रेमचा एक डबाच मागून घरी आणला. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून त्या स्क्रू काढत आणि परत बसवत. आधी पाव वळसा जमला, मग अर्धा. स्क्रू घरंगळून खाली पडत, त्या स्वतः वाकून शोधत. काका समोर बसलेले असत. फ्रेम नुसती धरून ठेवली असती तरी काम निम्मं झालं असतं. त्यांनी धरली नाही. भटकी हळूहळू फिरायला लागली आणि एक दिवस काकूंचा तळहात छताकडे उताणा झाला. काकूंनी तो काही क्षण तसाच ठेवला, काकांना दिसेल असा, पण काकांकडे न बघता.

वाकण्याचं मात्र जमेना. हात हनुवटीपर्यंत आला, पुढे तोंडापर्यंत. उजव्या हाताने त्यांनी पहिला घास खाल्ला तेव्हा काका उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगीचच नळ सोडून उभे राहिले. पण मान आणि पाठीमागचे केस म्हणजे कोपराला लावलेला गूळ झाला होता. हात कानाशी येऊन अडायचा. केस डाव्या हाताने कसेतरी रबरात अडकवून काकू दुकानात जात, बटा सुटत, आणि त्यांना त्याचा मनस्वी राग येई. शेवटी त्यांनी जाहीर केलं, की महिनाअखेरपर्यंत हात मागे पोचला नाही तर केस खांद्यापर्यंत कापून टाकणार. कुणाच्या हातून घालून घेण्यापेक्षा ते बरं, असंही म्हणाल्या. 'कुणाच्या' म्हणजे कुणाच्या हे सांगायची गरज नव्हती.

काकांचं खाण्यापिण्यावरून लक्ष उडालं. हॉस्पिटलात त्यांनी एका माणसाच्या चांगल्या हातालाच प्लास्टर घालायला घेतलं होतं, त्यानेच वेळेवर हात मागे घेतला. रोज सकाळी काकू दारात उभ्या राहून हात मागे न्यायचा प्रयत्न करत. कोपर कानाच्या रेषेत येई आणि थरथरत थांबे. आता फक्त इतकुसा रेटा दिला तर? काकांच्या तळहाताला तो रेटा नेमका किती द्यायचा तेही कळत होतं. आणि दिला तर काय होईल तेही.

महिना संपायला थोडे दिवस होते. एका सकाळी काकूंचा हात असाच अडला, आणि खाली घेताना त्यांनी काकांकडे पाहिलं. पेपर टेबलावर उघडा पडला होता आणि काका दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे.

'हे काय?' काकू म्हणाल्या. किती दिवसांनी त्या आपणहून बोलल्या होत्या.

'नाहीतर पुढे येतात,' काका म्हणाले.

'रोज असेच बसता?'

'रोज.'

काकूंनी नेहमीसारखे केस रबरात अडकवले. पण त्या दिवशी दुकानात जाण्याआधी त्यांनी काकांच्या डब्यात स्वतः जेवण भरलं आणि संध्याकाळी स्क्रू फिरवता फिरवता एका गिऱ्हाइकाची गंमत सांगितली. तोंडावर, समोरासमोर. काकांना हसायचं की ऐकायचं ते कळेना, त्यांनी दोन्ही थोडं थोडं केलं.

महिना संपला. काकूंनी केस कापले नाहीत.

त्यानंतर किती दिवस गेले ते काकांनी मोजले नाहीत. एका सकाळी ते आंघोळ करून बाहेर आले तर काकू दारात पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि त्यांचे दोन्ही हात मानेमागे होते. उजवं कोपर अजून पुरतं दुमडत नव्हतं, त्यामुळे मान थोडी मागे झुकवावी लागत होती. पण बोटं पोचली होती. वेणी वाकडी झाली, मध्येच जाड, मध्येच बारीक. काकूंनी ती पुढे घेऊन पाहिली, पाठीवर टाकली आणि तशीच दुकानात नेली. काका दारात उभे राहून ती रस्त्याच्या वळणापर्यंत बघत राहिले. त्यांना इतका आनंद झाला होता की हॉस्पिटलात जाऊन त्यांनी व्यायामबाईचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला, आणि तिने तो सोडवून घेतला. पण दुपारी रिकाम्या खोलीत बसल्यावर त्यांना हेही कळलं, की ते स्टूल आता कायमचं गेलं. आणि ते आपल्याच हाताने घालवलं.

पुढे कितीतरी दिवस काकू आपली वेणी आपणच घालत होत्या. वेणी सरळ होत गेली. हात मात्र शेवटपर्यंत पुरता सरळ झाला नाही, किंचित बाक राहिला तो राहिलाच. बेसिनपाशी, रस्त्यात, कुठेही त्या बाकाकडे काकांची नजर जाई आणि ते नजर काढून घेत.

एका सुट्टीच्या सकाळी काका टेबलाशी बसले होते. काकूंची वेणी घालून झाली होती. त्यांनी ती पुढे घेतली, रबर काढलं, बोटं घालून सगळी सोडली, आणि कंगवा काकांसमोर ठेवून बुटकं स्टूल ओढलं. पाठ करून बसल्या.

काकांचे हात आपसूक मांडीखाली गेले. शेवटी ते म्हणाले, 'अगं, घातली होतीस की.'

'घातली होती,' काकू म्हणाल्या. 'हात पोचतो माझा आता. म्हणून तर सांगते, घाला.'

काकांनी कंगवा उचलला. केसांचे तीन भाग करायला त्यांना नेहमीपेक्षा फार वेळ लागला, कारण डोळ्यांना काही नीट दिसत नव्हतं. काकूंनी घाई केली नाही.